हुकूम खाली उतरत येतो

चार्ली चॅप्लिनचा 'शोल्डर आर्म्स' 20 ऑक्टोबर 1918 रोजी अमेरिकेत पडद्यावर आला. पहिलं महायुद्ध संपायला तेव्हा तीन आठवडे बाकी होते. खंदकात माणसं मरत असताना खंदकावर विनोदी चित्रपट काढू नकोस, असं जवळच्या लोकांनी त्याला बजावलं होतं. त्याने तो काढला, आणि सैनिकांनीच तो डोक्यावर घेतला.

हे मी मोठेबाबांना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, सांगितलं आणि आमचा वाद सुरू झाला. मी वाशिमला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मोठेबाबा तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी शेती पाहतात. सोयाबीन घरात आल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, सैन्यजीवनावरचे जुने विनोदी चित्रपट आम्ही दोघांनी लॅपटॉपवर ओळीने पाहिले. या पडापडीत आणि गोंधळात समाजावरची कडक टीका दडलेली आहे, असं माझं म्हणणं. ज्यांनी कधी परेड केली नाही त्यांनाच असलं काही सापडतं, असं त्यांचं. बोलणं त्यांच्या बोलीतच देते आहे. प्रमाण भाषेत आणलं तर त्यातला माणूस निघून जाईल.

मोठेबाबा : मानूस घसरला, पडला, लोक हासले. खेळ खलास. यात तुले टीका कुठं दिसते?

मी : घसरतो कोण, ते पाहा ना. लॉरेल आणि हार्डीचा 'बॉनी स्कॉटलंड', 1935 चा. दोघे कफल्लक. फुकट सूट मिळणार म्हणून एका जाहिरातीमागे जातात, चुकीच्या दारातून शिरतात, आणि भरती होऊन थेट हिंदुस्थानात येतात. अंगावर कपडा नाही म्हणून माणूस सैन्यात जातो, हे त्यात सरळ दाखवलंय.

मोठेबाबा : मी 1973 ले भरती झालो. बाहात्तरचा दुष्काळ होता. तवा वाशीम जिल्हा नव्हता, आपन अकोल्यात होतो. माय खडी फोडाले जाये, आमी सुकडी खाऊन दिवस काढले. भरतीच्या रांगेत उभा रायलो तवा मले येवढंच ठाऊक होतं का आत गेलो तं दोन टाइम जेवन हाये. देशासाठी मरन वगैरे मागून आलं. पन आलं ते खरं आलं, हेही लिहून ठेव.

मी : मग चित्रपटही तेच सांगतो ना.

मोठेबाबा : नाई. त्याहीनं दाखवलं का गरीब मानूस चुकून भरती होते. मी चुकून नाई गेलो, मी रांगेत उभा रायलो. चूक म्हनून दाखवलं का पायनाऱ्याले सोपं जाते. भूक दाखवली असती तं कोन हासलं असतं?

याला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते अर्धवट होतं. विनोदी चित्रपट भुकेला अपघाताचा वेष चढवतो, हे खरं. 'बक प्रायव्हेट्स'मध्येही अॅबट आणि कॉस्टेलो ही विनोदी जोडी पोलिसाला चुकवायला म्हणून सिनेमागृहात शिरते, आणि तिथे भरतीचं केंद्र निघतं. पण प्रेक्षागृहातल्या गरिबाला तो वेष ओळखू येतो. 1935 साली अमेरिकेत मंदी चालू होती. फुकटच्या सुटामागे धावणारा माणूस तिकीट काढून बसलेल्यांपैकी अनेकांनी आरशात पाहिला होता. मोठेबाबांना मी हे सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. कवायतीचं दृश्य मात्र त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

त्या दृश्यात तुकडी चालत असते आणि स्टॅन लॉरेलचा पाय चुकतो. शेजारच्याला वाटतं, आपलाच चुकला. तो बदलतो. मग त्याच्या शेजारचा बदलतो. होता होता आख्खी तुकडी लॉरेलच्या चुकीच्या पायाने चालू लागते, आणि लॉरेलला त्याचा पत्ताच नसतो.

मोठेबाबा : हे झकास हाये. पन खोटं हाये. खऱ्या परेडीत एकाचा पाय चुकला तं उस्ताद साऱ्या स्क्वाडले रगडा देते. पिठ्ठू लावून मैदानाचे चक्कर. मंग रात्री बराकीत बाकीचे पोरं त्याले पायून घेतेत. दुसऱ्या दिवशी त्याचा पाय चुकत नाई.

मी : म्हणजे शिस्त शेवटी उस्ताद लावत नाही, बराकीतली पोरंच लावतात?

मोठेबाबा : तेच लावतेत. गावात काय वेगळं असते? जात कोन सांभाळते, तहसीलदार? शेजारीच सांभाळते.

मी लॅपटॉप थांबवला. लॉरेलच्या दृश्यातली टीका मी जिथे शोधत होते त्याच्या पलीकडे ते गेले होते. त्या तुकडीत हुकूम देणारा कुणाचाही पाय बदलत नाही. प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याकडे बघतो आणि स्वतःला दुरुस्त करतो. वळण बिघडतं तेही तसंच, टिकतं तेही तसंच. एवढं मोठं निरीक्षण शब्दाविना, नुसत्या पायांनी मांडणारे ते दोघे विदूषक मला त्या दिवसापासून जास्त आदरणीय वाटतात.

पुढे 'शोल्डर आर्म्स'. त्यातल्या एका प्रसंगावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. खंदकात टपाल येतं. सगळ्यांच्या नावाने काही ना काही असतं, चार्लीच्या नावाने काहीच नसतं. एक जण घरचं पत्र वाचत उभा असतो. चार्ली मागून त्याच्या खांद्यावरून तेच पत्र वाचू लागतो. वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते चार्लीच्याही चेहऱ्यावर येतं : तो हसला की हा हसतो, तो चिंतेत पडला की हाही पडतो. मग पत्राचा मालक त्याला पाहतो, आणि त्रासून दूर होतो.

मोठेबाबा : ह्या मानसाले पलटन ठाऊक होती. कोनं सांगतलं याले?

मी : तो स्वतः सैन्यात नव्हता. भरती झाला नाही म्हणून लोकांनी त्याला नावंही ठेवली होती.

मोठेबाबा : असन. पन गरिबी ठाऊक होती त्याले. पत्र गरिबाचं कधी एकट्याचं नसते. माहं पत्र गावात आलं का तुही आजी शाळेत गुरुजीकडं न्ये. गुरुजी वाचून दाखवे, अन् वर्गातले पोरंही आयके. मनीऑर्डर किती आली, मले ताप आला होता, बायकोले काय निरोप, सारं गावाले मालूम. म्हून मी बायकोसाठी पत्रात कधी काई लिहिलंच नाई. 'सगळ्यांना नमस्कार', बस. तुही मोठी आई मले आजही म्हनते, तुमी नोकरीत असताना मले कधी एक शब्द लिहिला नाई.

मी : पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत असत. कित्येकांना स्वतःला लिहिता येत नव्हतं, ते दुसऱ्याकडून लिहून घेत. म्हणजे लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, घरी वाचून दाखवणारा तिसरा. नवराबायकोच्या मधे तीन माणसं.

मोठेबाबा : अन् चित्रपटात एकच. तेवढ्यानंच लोक हासले.

दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक त्या युद्धात समुद्रापार गेले. सुमारे 74 हजार परतले नाहीत. आपल्याकडच्या घरांत त्या युद्धाचं काय उरलं, तर कुठे एखादं पदक, कुठे पेन्शनचा कागद. दुसऱ्याच्या पत्रात आपलं घर शोधणारा तो माणूस पाहताना मला त्या हजारोंची आठवण होते.

याच चित्रपटात चार्ली तेरा जर्मन सैनिकांना एकट्याने पकडून आणतो. त्यांचा अधिकारी उंचीने बुटका आणि मिजाशीने मोठा असतो. चार्ली सगळ्या कैद्यांना सिगारेट देतो. अधिकारी ती फेकून देतो, तसा चार्ली त्याला मांडीवर पालथा घालून लहान मुलासारखा बडवतो. आणि पकडलेले जर्मन सैनिक खूश होऊन टाळ्या वाजवतात.

मी : शत्रूच्या शिपायांना आपल्याच अधिकाऱ्याला मार पडल्याचा आनंद होतो! दोन्ही बाजूंचे शिपाई एका बाजूला, अधिकारी दुसऱ्या. 1918 साली, युद्ध चालू असताना, हे दाखवणं सोपं नव्हतं.

मोठेबाबा : शत्रूच्या साहेबाले बडवनं सोपंच असते. आपल्या साहेबाले बडवून दाखवाचं होतं. अन् वरतून शेवटी काय, सारं सपन! कैसरले पकडलं तेही सपन. झोपेतून उठला का पुन्हा ट्रेनिंग कॅम्पात.

मी : स्वप्न ही त्याची पळवाट होती, मान्य. पण ती पळवाट नसती तर चित्रपट बाहेरच आला नसता.

मोठेबाबा : मंग टीका कुठं रायली? हे पाय, आमच्यात बडा खाना होये. साहेब लोक त्या दिवशी जवानासंगं बसून जेवत. जेवन झालं का नक्कल. मी सीओ साहेबाची नक्कल करत होतो. चालनं, छडी बगलेत धरनं, हिंदी बोलनं. सारी पलटन हासून लोळे, अन् सगळ्यात जोरात कोन हासे? सीओ साहेब. दुसऱ्या दिवशी सकाळी पीटी त्याच टायमाले. कुकरची शिट्टी वाजली म्हनून कोनी गॅस बंद करते का? शिट्टी वाजते म्हून तं आतलं शिजते.

त्यांच्या बाजूचं सगळ्यात बळकट विधान हेच होतं, आणि ते अनुभवातून आलेलं होतं. हसू द्या, मोकळे होऊ द्या, मग पुन्हा कामाला लावा, हे सत्तेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उत्तर पेशवाईत तमाशा फुलला तो फौजांच्या छावण्यांत, आणि त्यातल्या सोंगाड्याला राजा-प्रधानाची टवाळी करायची मुभा होती. पण मुभा मिळाली म्हणून टवाळी खोटी ठरत नाही. सीओ साहेब हसले, ते साहेबांच्या हातात होतं. नकलेत काय दाखवायचं, हे मात्र सुभेदाराच्या हातात होतं. मी त्यांना विचारलं, नकलेतलं असं काही होतं का, ज्याला साहेब हसले नाहीत? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकदा बाईसाहेबाच्या कुत्र्याचं केलं होतं. पुन्हा नाई केलं."

तो धागा पुढे देवळालीपाशी लागला. त्याआधी 'द ग्रेट डिक्टेटर'.

1940 च्या या चित्रपटाची सुरुवात पहिल्या महायुद्धातल्या एका अजस्र तोफेपाशी होते. तोफ उडते, पण गोळा फुसका निघतो आणि जवळच पडून राहतो. 'फ्यूज तपासा,' असा हुकूम सुटतो. वरचा अधिकारी खालच्याला सांगतो, तो त्याच्या खालच्याला, तो आणखी खालच्याला. ओळीने उतरत उतरत हुकूम चॅप्लिनपाशी येतो. तोही मागे वळून पाहतो. मागे कुणीच नसतं. मग तो एकटा गोळ्याकडे निघतो, आणि गोळा गरकन फिरून त्याच्यावरच नेम धरतो.

मोठेबाबा : तोफेवर असं होत नाई. तोफेवर परत्येक मानसाचा नंबर ठरलेला असते, ज्याचं काम त्यानंच कराचं. मिसफायर झाला तं थांबा लागते, घाई करनाराच मरते. तिथं कोनी दुसऱ्यावर ढकलत नाई.

मी : मग हे कुठे होतं?

मोठेबाबा : फटीगमधी होते. नाली साफ कराची हाये, लंगरचे भांडे घासाचे हायेत, कोन्या साहेबाचं सामान हलवाचं हाये. तवा हुकूम असाच खाली खाली येते. अन् गावात तं रोजच येते. मेलेलं ढोर कोन ओढाचं, हा हुकूम वाड्यातून निघाला का कुठं येऊन थांबे, ते तुह्या आज्याले इचाराले पायजे होतं. त्याच्या मागं कोनी नव्हतं.

आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी मोठेबाबांचा गणवेशातला फोटो आहे. त्यांना सैन्याची चेष्टा का सहन होत नाही, याचं उत्तर त्या दोन फोटोंमध्ये आहे. ते म्हणतात, गावात पाणी वेगळं होतं आणि बॅटरीत लंगर एकच होता. पहिल्यांदा त्यांच्यासमोर कुणी खुर्ची सरकवली ती पलटणीत. ज्या जागेने माणसाला माणूस म्हणून उभं केलं, तिच्यावर हसायचं कसं?

मी : पण तीच जागा आपल्याला एकदा बंदही झाली होती. 1892-93 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक, त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये मोडली. महार रेजिमेंट आली ती 1 ऑक्टोबर 1941 ला.

मोठेबाबा : हे मले नको शिकवू. हे आमी भाषनात सांगत होतो.

मी : त्याच 1941 च्या जानेवारीत 'बक प्रायव्हेट्स' आला. त्यात एक श्रीमंताचा लाडावलेला पोरगा आणि त्याचाच जुना नोकर एका बराकीत येतात. मालक आणि चाकर एकाच ओळीत. अमेरिकन प्रेक्षकाला सांगितलं जातं की सक्तीच्या भरतीने सगळे सारखे होतात. पण त्या बराकीत काळा सैनिक त्यांच्या बरोबरीने उभा नाही. तेव्हा अमेरिकेच्या सैन्यात काळ्यांच्या तुकड्याच वेगळ्या होत्या. त्या वेगळेपणाविरुद्ध राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश निघाला तो 26 जुलै 1948 रोजी.

मोठेबाबा : म्हंजे जो रांगेतच नाई, त्याच्यावर विनोदही नाई.

मी : हो.

मोठेबाबा : हे बराबर बोलली.

आता देवळाली. बीबीसीची 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका 1974 ते 1981 या काळात चालली, 56 भाग. जागा : नाशिकजवळची देवळालीची छावणी. काळ : 1945, दुसऱ्या महायुद्धाची अखेर. पात्रं : सैनिकांची करमणूक करणारी तोफखान्याची एक नाटक मंडळी, आणि त्यांना 'खरे सैनिक' बनवायला आसुसलेला, सतत ओरडणारा सार्जंट मेजर. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीच्या अशाच मंडळीत होते. मोठेबाबांनी देवळालीच्या तोफखाना विद्यालयात कोर्स केले आहेत. त्यामुळे त्यांनी पहिल्यांदा जागा ओळखायचा प्रयत्न केला आणि ती ओळखू येईना. येणार कशी? चित्रीकरण इंग्लंडमध्येच झालं होतं.

या मालिकेतला बेअरर रंगी राम 'आम्ही ब्रिटिश' असं अभिमानाने म्हणतो. त्याचं काम करणारे मायकेल बेट्स हे गोरे नट होते, चेहऱ्याला रंग फासून. आज बीबीसी ही मालिका पुन्हा दाखवत नाही, त्याचं मुख्य कारण तेच. मला ते कारण पटतं. पण मोठेबाबांची नजर रंगी रामवर नव्हतीच. बाहेर जमिनीवर बसून, पायाला दोरी बांधून पंखा ओढणाऱ्या माणसावर ती खिळली होती. तो अधूनमधून काहीतरी शहाणपणाचं बोलतो आणि त्याला गप्प बसवलं जातं.

मोठेबाबा : हा एकटाच शाना हाये त्या कॅम्पात.

मी : लेखकांनी मुद्दाम तसं केलंय. गोरे आत बसून गोंधळ घालतात, बाहेरचा त्यांना ओळखून आहे.

मोठेबाबा : पन दोरी त्याच्याच पायाले हाये! शाना असून काय उपयोग? त्याचं शानपन आयकून इंग्लंडातले लोक हासले, अन् पंखा चालूच. मले हसू नाई आलं.

मी : तुम्हाला राग आला, हेच त्या दृश्याचं काम नाही का?

मोठेबाबा : मले राग आला कारन मले ते ठाऊक हाये. ज्याले ठाऊक नाई तो हासून जेवाले गेला.

त्यांना काय ठाऊक होतं, ते मग हळूहळू बाहेर आलं. सहायक म्हणून, म्हणजे साहेबाच्या दिमतीला, लागलेली पोरं. चांगला साहेब भेटला तर पोरगं शिकतं, सुधारतं, असं ते ठासून सांगतात, आणि त्यांनी असे साहेब पाहिले आहेत. पण कुत्रं फिरवणं, घरची भाजी आणणं, मुलांना शाळेत सोडणं, यासाठी आईबापांनी पोराला बंदूक धरायला पाठवलेलं नसतं, हेही ते तितकंच ठासून म्हणतात. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने 2008 सालीच ही पद्धत बंद करा, असं म्हटलं होतं. नौदलात आणि हवाई दलात ती नाही. 2017 साली देवळालीच्याच छावणीत एक लान्स नायक सहायकाच्या कामांबद्दल छुप्या कॅमेऱ्यासमोर बोलला. ती चित्रफीत प्रसिद्ध झाली, आणि मार्चच्या सुरुवातीला तो छावणीतल्या एका ओसाड बराकीत मृत सापडला. मालिकेतला पंखेवाला आणि हा लान्स नायक यांच्यामध्ये सत्तर वर्षं आणि स्वातंत्र्य उभं आहे. तरी कामाची यादी वाचली की दोघांमधलं अंतर वाटतं तेवढं राहत नाही.

जे सरळ बोललं तर महागात पडतं, ते माणसं नकलेत बोलतात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. मोठेबाबांनी कुत्र्याची नक्कल केली होती. ती टीका नव्हती, असं ते आजही म्हणतात. मग पुन्हा का केली नाही?

मराठीत गणवेशाची चेष्टा झाली ती प्रामुख्याने पोलिसाची. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' 1965 सालचं, दादा कोंडके त्यात हवालदार. दहा वर्षांनी दादांचाच 'पांडू हवालदार', त्यात अशोक सराफांनी उभा केलेला लाचखाऊ सखाराम. सुगीनंतर आमच्या भागात खाकी घालून येणारे बहुरूपी तर घरोघर 'वॉरंट' वाचून दाखवत : अमक्या लग्नाला आला नाहीत, तमक्याचे लाडू खाल्ले, चला ठाण्यावर! पोरं हसत, पण म्हाताऱ्या आधी नीट निरखून पाहत की हा खरा तर नाही ना.

मी : पोलिसावर एवढं हसलो, मग शिपायावर का नाही?

मोठेबाबा : पोलीस रोज दारात येते. शिपाई दोन वर्सातून एकदा येते, ट्रंक घेऊन. नाईतं तिरंग्यात येते. त्याच्यावर कोन हासन?

मी : हसायचं त्याच्यावर नाहीच. त्याला तसं राबवणाऱ्या व्यवस्थेवर. आपण त्याला पुतळा करून ठेवला, म्हणून त्याचं जेवण, त्याचं पत्र, त्याची फटीग कुणी विचारत नाही. चॅप्लिनने त्याला ओल्या अंथरुणात झोपलेला दाखवला. पुतळ्याला थंडी वाजत नाही.

मोठेबाबा : तू तुह्या कॉलेजातल्या पोराइले हे दाखवनार हायेस, ते मले समजलं. नको दाखवू. पहाटे रोडनं धावून रायले ते पोरं. त्याहीचं मन मोडन.

वाशीम-रिसोड रस्त्यावर, मालेगावकडे, कारंज्याकडे, कुठेही पहाटे जा. भरतीची तयारी करणारी मुलं धावताना दिसतात. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत, 9 फुटांचा खड्डा, दहा पुलअप. यातल्या बहुतेकांचे बाप सोयाबीन-तुरीवर जगतात. 2006 साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशीम होता. 2018 च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही तो आला. 14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली : चार वर्षं नोकरी, नंतर जास्तीत जास्त 25 टक्के कायम, बाकीच्यांना सुमारे 11.71 लाख रुपये आणि घरचा रस्ता, पेन्शन नाही. मोठेबाबांना पेन्शन आहे. तिच्यावरच माझ्या चुलत भावंडांची शिक्षणं झाली आणि विहीर खोदली गेली. ही योजना त्यांना मान्य नाही. पण मुलांसमोर ते तसं बोलत नाहीत, धावायचं तर जोरात धावा, एवढंच सांगतात.

मी : मन मोडणार नाही. पत्राचं दृश्य पाहून तुमचं मोडलं का?

मोठेबाबा : माही नोकरी झाली होती. त्याहीची सुरू व्हाची हाये.

मी : सुरू व्हायच्या आधीच कळायला हवं. आत गेल्यावर हुकूम वरून खाली येईल, तेव्हा मागे वळून पाहायची सवय असलेली मुलं मला हवीत.

मोठेबाबा : वळून पायलं तरी मागं कोनी नसते, हे त्या चॅप्लिननं दाखवलंच हाये. गोळ्याकडं जाच लागते.

मी : जाऊ देत. पण आपल्याला कुणी पाठवलं, हे ठाऊक असून जाऊ देत.

ते यावर राजी झाले नाहीत. 'शोल्डर आर्म्स' दाखवायला मात्र त्यांनी संमती दिली. अट एकच : चित्रपट संपल्यावर आधी ते बोलणार, मग मी. ती अट मी मानली आहे. विनोदी चित्रपट टीका करतो की राग जिरवतो, हा प्रश्न पडद्यावर सुटत नाही. हसून झाल्यावर माणसं काय बोलतात, त्यावर तो सुटतो. या बाबतीत मोठेबाबा माझ्यापेक्षा बरोबर होते, आणि ते बोलणं गिळून टाकण्याच्या बाबतीत ते चुकत आले आहेत.

आपल्या जिल्ह्यात आणि साऱ्या विदर्भात सैन्यातून परतलेली माणसं गावोगाव आहेत. 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला त्यांना झेंड्यापाशी उभं करून आपण सलाम ठोकतो आणि घरी जातो. यापुढे त्यांच्याजवळ बसा आणि विचारा : बडा खान्याच्या रात्री तुम्ही कोणाची नक्कल करत होता, आणि कोणती नक्कल पुन्हा केली नाही? ते जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. बाहात्तरच्या दुष्काळात भरती झालेली पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे.